इसब आणि चिनी औषधपद्धती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा मुलगा पाच महिन्यांचा होता तेव्हापासून त्याला इसब आहे. आम्ही सिंगापूरला राहतो. इथे चिनी औषधांची दुकानं आपल्याकडच्या किराणा दुकानांसारखी जागोजागी आहेत, त्यामुळे शेजारच्या आजींपासून ऑफिसातल्या मैत्रिणीपर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं, चिनी वैद्याला दाखव. दाखवलं. काही गोष्टींचा उपयोग झाला, एक चूक फार महागात पडली. तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या आया असोत की पुण्याहून फोन करणारी मावसबहीण, सगळ्या तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. वाचलेलं, डॉक्टरांना आणि वैद्यांना विचारून घेतलेलं आणि घरी अनुभवलेलं, एवढंच इथे आहे.

चिनी वैद्य इसबाला काय म्हणतात?

आजचा शब्द ‘शीचन’. शी म्हणजे ओल, चन म्हणजे पुरळ. ओलीचं पुरळ. भिंतीला ओल आली की वरून कितीही रंग द्या, पोपडे पुन्हा सुटतातच. ‘आत ओल आहे’ असं वैद्य म्हणाल्या तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माहेरची पावसाळ्यातली भिंतच आली.

जुन्या ग्रंथांत इसबाला एकच नाव नाही. तो कुठे उठतो, कसा दिसतो यावरून नावं पडली. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत येतो तो ‘सि वान फंग’, म्हणजे चार बाकांमधला वारा. तान्ह्या बाळाच्या गालांवर येतो तो ‘नाय श्वेन’, दुधाचा नायटा. लस वाहत वाहत पसरतो तो ‘चिन यिन च्वांग’. हे शेवटचं नाव चांग चोंगचिंग या वैद्याच्या सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आहे. त्याने त्यावर ह्वांगल्येन नावाच्या कडूजहर पिवळ्या मुळीची पूड सांगितली आहे. तोंडापासून हातापायांकडे पसरला तर बरा होतो, हातापायांकडून तोंडाकडे आला तर बरा होत नाही, असंही त्यात लिहिलंय. कोपराच्या लवणीतला चट्टा पाहून ‘चार बाक’ म्हणणाऱ्या माणसाने असली कितीतरी मुलं जवळून पाहिली असणार, असं मला हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं.

त्यांच्या मते इसब कशामुळे होतो?

ओल, उष्णता, वारा आणि कोरडं रक्त, या चार गोष्टींच्या वेगवेगळ्या मिश्रणांतून. म्हणूनच एकाच वैद्याकडे गेलेल्या दोन मुलांना दोन वेगळ्या पुड्या मिळतात.

त्वचा लालभडक, गरम, पाणी सुटलेलं, खाजेने रात्रभर झोप नाही, जिभेवर पिवळा चिकट थर, तर ती ओल आणि उष्णता. अशा वेळी थंड, कडू औषधी. पुरळ फिकट, पण सतत ओलसर, मूल किरकोळ अंगाचं, भूक कमी, शी पातळ, तर पचन दुबळं पडून ओल साचलेली. यात ‘फी’ म्हणून ज्या अवयवाचा उल्लेख होतो त्याचं भाषांतर प्लीहा असं करतात, पण सोनोग्राफीत दिसते ती प्लीहा डोळ्यांसमोर आणू नका. अन्नाचं रस-रक्त करणारी सगळी व्यवस्था, असा त्याचा अर्थ. तिसरा प्रकार वर्षानुवर्षं जुना: कातडी जाड, काळपट, कोरडी, भेगा पडलेली. तिथे रक्त कमी पडलं आणि आत वारा शिरला, असं ते मानतात. वाऱ्यावर इलाज करायचा तर आधी रक्तावर करा, रक्त वाहतं झालं की वारा आपोआप शमतो, ही त्यांच्याकडची जुनी म्हण आहे. खाज अंगभर पळते, आज इथे तर उद्या तिथे, म्हणून वारा.

आजचं त्वचाविज्ञान याच आजाराबद्दल त्वचेचं आवरण कच्चं असणं, आनुवंशिकता आणि रोगप्रतिकारशक्तीचा अतिरेक यांबद्दल बोलतं. या दोन भाषा एकमेकींत शब्दाला शब्द बसवून भाषांतरित होत नाहीत. तसा आग्रहही मी धरत नाही.

म्हणजे आपल्या आयुर्वेदासारखंच का?

बरंचसं ओळखीचं वाटतं. आयुर्वेदात विचर्चिका आहे, तिथेही पचन आहे, पथ्य आहे, काढे आहेत. काही वनस्पतीही त्याच: गोखरू चिनी नुस्ख्यांत खाजेसाठी येतो आणि ज्येष्ठमधाची भावंडं तर जवळजवळ प्रत्येक पुडीत. पण निदानाची रीत वेगळी. आणि कृपा करून दोन्हीकडचे काढे एकाच वेळी देऊ नका. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं हे कुणालाच सांगता येणार नाही.

पहिल्या भेटीत काय होतं?

दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून नाडी पाहतात. जीभ पाहतात. झोप, तहान, शौच, घाम, खाज दिवसा जास्त की रात्री, सगळं विचारतात. जाण्याआधी जीभ घासू नका आणि हळदीचं दूध किंवा कॉफी पाजू नका. आमच्याकडे पहिल्या खेपेला जिभेवरचा पिवळा थर हळदीच्या दुधाचा निघाला. वैद्य हसल्या, खोटी जीभ पाहून औषध देत नाही म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं.

पुडीत असतं काय, आणि काढा कसा करायचा?

काउंटरवर कागद पसरतात, मागच्या लाकडी खणांतून एकेक जिन्नस काढून हातातल्या छोट्या तराजूवर तोलतात आणि कागदांवर वाटत जातात. मुळ्या, साली, वाळकी फुलं, गवतं. वास ओल्या मातीचा आणि थोडा कडवट.

सर्वांत नावाजलेला नुस्खा ‘श्याओ फंग सान’, वारा पांगवणारं चूर्ण. मिंग काळातल्या छन शिकुंग या शल्यवैद्याच्या १६१७ सालच्या ग्रंथातला. त्यात तेरा जिन्नस आहेत, त्यांत तीळही आहेत आणि जिप्समचा दगडही. वैद्य मूळ नुस्खा जसाच्या तसा क्वचितच देतात. रुग्ण पाहून दोन काढतात, तीन घालतात.

काढ्याची रीत अशी: मातीचं किंवा काचेचं भांडं घ्या, लोखंड आणि ॲल्युमिनियम नको. जिन्नसांवर दोन बोटं येईल इतकं पाणी घालून अर्धा तास भिजत ठेवा. उकळी आली की आच मंद करून वीस-तीस मिनिटं. गाळा. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा काढा करा. दोन्ही एकत्र करून सकाळ-संध्याकाळ वाटून द्या. पुदिन्यासारखी सुवासिक पानं वेगळ्या पुडीत देतात, ती शेवटची पाच मिनिटंच. हल्ली तयार दाणेदार पूडही मिळते, गरम पाण्यात विरघळवली की झालं. लहान मुलांना तीच सोपी पडते. चव मात्र दोन्हींची सारखीच वाईट, इतकी की पुष्कळ मुलांचा उपचार तिथेच थांबतो.

पाणी सुटलेल्या इसबावर थंड केलेल्या काढ्यात भिजवलेली पट्टी ठेवण्याचीही रीत आहे. वाहत्या जखमेवर तेलकट मलम नाही, ओली पट्टी, हा नियम पाश्चात्त्य त्वचारोगतज्ज्ञांचाही आहे.

काढा शाकाहारी असतो का?

नेहमीच नाही, आणि हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. श्याओ फंग सानमध्ये सिकाडा या किड्याची कात असते. मी पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा उकळत्या पाण्यावर ती तरंगत होती, सहा पायांसकट, पोकळ, मधाच्या रंगाची. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेरच गेल्या. जुनाट इसबाच्या काही नुस्ख्यांत गांडूळ असतं, विंचूही असतो. बीजिंगचे विख्यात त्वचावैद्य चाव पिंगनान (१८९९–१९८४) यांचा जुनाट खाजेवरचा एक नुस्खा तर विंचवाच्याच नावाने ओळखला जातो. तुमच्या घरी चालत नसेल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, पर्यायी वनस्पती देतात.

खरंच गुण येतो का? पुरावा आहे का?

ही गोष्ट लंडनपासून सांगावी लागते.

१९८० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातले त्वचारोगतज्ज्ञ डेव्हिड ॲथर्टन यांच्या लक्षात आलं की, कशालाच दाद न देणारा इसब असलेली काही मुलं अचानक सुधारून येताहेत. विचारल्यावर कळलं, ही मुलं सोहो भागातल्या डॉ. लुओ या चिनी वैद्यबाईंचा काढा घेत होती. ॲथर्टन यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. दहा वनस्पतींचं एक ठराविक मिश्रण तयार करून घेतलं आणि तसाच दिसणारा, तसाच कडू, पण इसबावर काही न करणारा दुसरा काढा बनवला. १९९२ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एक मुलांवर, ४७ मुलांनी सुरुवात केली, ३७ जणांनी पूर्ण केला. दुसरा ४० प्रौढांवर, ‘द लॅन्सेट’मध्ये. दोन्हींत खऱ्या काढ्याने लाली आणि त्वचेची हानी स्पष्ट कमी झाली. त्या वर्षी सोहोच्या दवाखान्यासमोर आयाबापांच्या रांगा लागल्या असतील, तर मला त्यात नवल वाटत नाही. मीही उभी राहिले असते.

मग हाँगकाँगमध्ये चिनी रुग्णांवर तोच प्रयोग झाला, १९९९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: खऱ्या आणि खोट्या काढ्यात फरक दिसला नाही. पुढे हाँगकाँगच्याच चिनी विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच वनस्पतींचं वेगळं मिश्रण ८५ मुलांना दिलं (२००७). इसबाच्या तीव्रतेच्या गुणांत नकली औषधाच्या तुलनेत फरक नव्हता, पण खरं औषध घेणाऱ्या मुलांना स्टेरॉइड मलम सुमारे एक-तृतीयांश कमी लागलं आणि त्यांचं रोजचं जगणं सुसह्य झालं. २०१३ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २८ अभ्यास आणि २३०६ रुग्ण एकत्र पाहिले गेले. बहुतेक अभ्यास कच्चे होते, त्यामुळे चिनी वनौषधींनी इसब कमी होतो असं खात्रीने म्हणता येत नाही, असं त्यांनी लिहिलं.

माझं मत विचाराल तर काही मुलांना काही काळ फायदा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. जो वैद्य हमखास म्हणतो त्याच्याकडून उठून यावं.

चिनी वनस्पतींचं मलम तीन दिवसांत चट्टे घालवतं म्हणे, खरं का?

हेच ते. आमची चूक.

मुलगा दोन वर्षांचा असताना कुणीतरी एक पांढरी डबी आणून दिली. लेबल नाही, फक्त झाकणावर एक कागदी चिकटपट्टी. ‘शुद्ध वनस्पती आहे, निर्धास्त लाव.’ चौथ्या दिवशी गाल लोण्यासारखे. आम्ही चार महिने लावलं, चेहऱ्यालाही. डबी संपली आणि आठवडाभरात सगळं अंग पेटल्यासारखं लाल झालं, आधी होतं त्याहून दुप्पट. बालरोगतज्ज्ञांनी गालांवरच्या बारीक लाल शिरा पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, ‘डबी आहे का अजून?’ तपासणीत जोरकस स्टेरॉइड निघालं.

आम्ही एकटे नव्हतो. १९९९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी इसबासाठी दिली जाणारी ११ चिनी ‘वनस्पती’ मलमं तपासली होती, त्यांतल्या ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं. जानेवारी २०२१ मध्ये चीनमध्येच, फूच्येन प्रांतात बनलेल्या बाळांच्या क्रीममध्ये क्लोबेटासोल हे जोरकस स्टेरॉइड निघालं. ते वापरणाऱ्या बाळाचा चेहरा सुजून गोल झाला होता, अंगावर लव वाढली होती, वाढ थांबली होती.

स्टेरॉइड मलम हा शत्रू नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठराविक दिवस लावलं तर ते चांगलं औषध आहे. पण काय लावतोय हे माहीत नसताना, बाळाच्या चेहऱ्यावर, महिनोन्‌महिने लावणं याने नुकसान होतं. वनस्पतींचं मलम स्टेरॉइडसारखं वेगाने काम करत नाही. तीन-चार दिवसांत लख्ख गुण आला, बंद करताच उसळलं आणि डबीवर घटक लिहिलेले नाहीत, तर संशय घ्या आणि डबी फेकू नका, डॉक्टरांकडे न्या.

खरी वनस्पती मलमं आहेतच. छन शिकुंगच्याच एका मलमावरून जपानी शल्यवैद्य हानाओका सेइश्यू (१७६०–१८३५) यांनी ‘शिउनको’ बनवलं: तिळाचं तेल, मेण, तांगक्वी मुळी आणि जांभळा रंग देणारी एक मुळी. कोरड्या, भेगाळलेल्या हातांना ते लावतात. कपड्यांना डाग पडतात ते निघत नाहीत, जुनी चादर वापरा.

वनस्पतीच ना, मग यकृत-मूत्रपिंडाला कसला धोका?

जी वनस्पती औषधाइतकं काम करते ती औषधाइतकाच त्रासही देऊ शकते.

सर्वांत भयंकर गोष्ट ‘मुथुंग’ या नावाची. हे वेलीचं खोड इसबाच्या जुन्या नुस्ख्यांत वारंवार येतं, श्याओ फंग सानमध्येही आणि ओल-उष्णतेवरच्या ‘लुंगतान श्येकान थांग’मध्येही. पण या एका नावाखाली बाजारात वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जात. त्यांपैकी क्वान मुथुंग ही ॲरिस्टोलोकिया कुळातली, तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंड कायमचं निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवतं. ब्रसेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवण्याच्या गोळ्यांत अशाच नावाच्या घोळातून ॲरिस्टोलोकिया गेली आणि शंभरहून जास्त जणांची मूत्रपिंडं गेली. ब्रिटनमध्ये १९९९ साली अशा दोन रुग्णांची नोंद झाली, दोघीही इसबासाठी चिनी काढा घेत होत्या. त्याच वर्षी तिथे या वनस्पतींवर बंदी आली. चीनने क्वान मुथुंग २००३ मध्ये काढून टाकली. तोवर लुंगतान श्येकानच्या गोळ्या तिथे लोक साध्या तोंड येण्यावरही घेत होते.

यकृताचं म्हणाल तर पायश्येनफी ही मुळीची साल खाजेवर नेहमी वापरतात आणि तिच्याबरोबर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. लंडनच्या त्या मुलांतही वर्षभर काढा चालू ठेवल्यावर दोघांच्या रक्तात यकृताची विकरं वाढली होती. काढा बंद केल्यावर ती पूर्ववत झाली. म्हणून काढा सुरू करण्याआधी यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशींची तपासणी करा आणि चालू असेपर्यंत ठराविक अंतराने पुन्हा करा. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक गेली, मळमळ, यांतलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी काढा बंद.

कुणी घेऊच नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो, हे आजीआजोबांसाठी लक्षात ठेवा. आणि जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असलेल्या नवजात बाळांसाठी ह्वांगल्येनसारख्या पिवळ्या मुळ्या टाळतात, त्यांनी कावीळ वाढण्याची भीती असते. सिंगापूरने १९७८ मध्ये याच कारणाने त्यांच्यावर बंदी घातली होती, ती पुढे बऱ्याच वर्षांनी उठली.

चिनी औषध सुरू केलं की डॉक्टरांचं मलम बंद करायचं का?

नाही. चांगले चिनी वैद्यही तसं सांगत नाहीत. दोघांनाही एकमेकांचं औषध दाखवा. अंघोळीनंतर ओलसर अंगावर मॉइश्चरायझर लावणं तर कोणत्याही पद्धतीत सुटत नाही.

ॲक्युपंक्चरने खाज थांबते का?

म्यूनिकमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात ३० इसब-रुग्णांना कोपराजवळचा ‘छुछ’ आणि मांडीवर गुडघ्याच्या वरचा ‘श्वेहाय’ या बिंदूंवर सुया टोचल्या, तेव्हा खाज कमी झाली. श्वेहाय म्हणजे रक्ताचा समुद्र. पुन्हा तेच, वाऱ्यासाठी आधी रक्त. खाज आणि झोप यांसाठी मोठ्या माणसांनी करून पाहायला हरकत नाही. सुया एकदाच वापरायच्या असाव्यात आणि पाणी सुटलेल्या, पिकलेल्या त्वचेत टोचू नयेत.

महाराष्ट्रात २०१५ चा ॲक्युपंक्चर कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे, तेव्हा नोंदणी विचारा. अनेकांना वाटतं, सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी ही विद्या आणली. ते १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, काम आधुनिक शल्यचिकित्सेचं करत होते. त्यांच्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं.

पथ्य काय सांगतात?

‘फा वू’ म्हणजे पुरळ उठवणारे पदार्थ: कोळंबी, खेकडे, मटण, दारू, झणझणीत मसाला, आंबा. कोकणी घराला ही यादी ऐकवणं म्हणजे शिक्षाच. खाऊ द्यायचं ते मुगाचं पाणी, कोहळा, आणि ‘यियीरेन’ नावाचे जवासारखे टपोरे दाणे शिजवून. मुगाचं कढण आणि कोहळा आपल्याकडेही आजारी माणसाचंच खाणं.

मला एकच काळजी वाटते. मुलाला इसब आहे म्हणून दूध, अंडी, मासे, गहू असं एकेक करत सगळंच बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. मूल वाळत जातं, इसब तसाच राहतो. खाल्ल्यावर खरोखर चट्टे वाढतात असं दिसलं तर लिहून ठेवा, डॉक्टरांना दाखवा आणि मगच बंद करा.

भारतात चिनी काढा मिळेल का?

आयुष मंत्रालयाच्या पद्धतींत चिनी वैद्यक येत नाही, त्यामुळे नोंदणीकृत चिनी वनौषधी-वैद्य शोधणंच अवघड. ऑनलाइन मागवलेल्या, लेबल परक्या भाषेत असलेल्या पुड्या आणि डब्या घेऊ नका. सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये वैद्यांची नोंदणी कायद्याने होते, तिथे राहणाऱ्यांनी नाव तपासूनच जावं. मावशीने येताना आणलेली उरलेली पुडी भावाच्या मुलीला देऊ नका. ती पुडी एका माणसाच्या नाडीवर बांधलेली असते.

किती दिवस घेऊन पाहावं?

अभ्यासांत साधारण आठ ते बारा आठवडे दिलं गेलं. तेवढ्यात फरक नसेल तर पुढे ओढू नका.

सगळं सोडून थेट रुग्णालयात कधी जायचं?

इसबावर अचानक एकसारखे, दुखणारे, मध्ये खड्डा असलेले फोड आले आणि ताप चढला, तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. डोळ्यांजवळ असेल तर आणखी घाई करा. पिवळी मधासारखी खपली, पू, पसरणारी गरम लाली, सुस्त पडलेलं बाळ, यासाठीही. त्या रात्री काढा उकळत बसू नका.

तुमच्या मुलाचा इसब गेला का?

आता तो अकरा वर्षांचा आहे. गुडघ्यांमागचे चट्टे परीक्षेच्या दिवसांत आणि एसीत जास्त बसला की उठतात. रोज दोनदा मॉइश्चरायझर, उठलं की डॉक्टरांनी दिलेलं मलम पाच दिवस. काढा त्याने सातव्या वर्षी तीन महिने घेतला, दोन्ही रक्ततपासण्या ठीक आल्या, खाज कमी झाली आणि तो रात्री सलग झोपू लागला. काढ्यामुळे की वयामुळे, मला सांगता येणार नाही. मग एक दिवस त्यानेच कप पुढे सरकवून ‘आई, आता पुरे’ म्हटलं, आणि आम्ही थांबवलं.